दोन काठ्यांची चाल

नॉर्डिक वॉकिंग म्हणजे दोन्ही हातांत हलक्या काठ्या घेऊन, त्या मागच्या बाजूला तिरप्या रोवत आणि त्यांच्या रेट्याने अंग पुढे नेत केलेली झपाझप चाल. वयस्क माणूस काठी पावलाच्या पुढे टेकतो, तिच्यावर भार टाकतो आणि मग पाऊल उचलतो. डोंगर उतरणाराही काठी पुढेच रोवतो. नॉर्डिक चालीत सपाटीवर काठीचे टोक पुढच्या पावलाला ओलांडून कधीच जात नाही. ते दोन पावलांच्या मधे कुठेतरी टेकते, हात मागे जातो तसा जमिनीला मागे रेटा बसतो आणि चालणारा पुढे सरकतो. एरवी चालण्याचे काम एकट्या पायांच्या गळ्यात पडलेले असते. या चालीत दंड, खांदे, पाठ आणि पोट त्यात वाटेकरी होतात. व्यायाम म्हणून तिचे सगळे मोल या वाटणीत आहे. वाटणी साधली नाही तर काठ्या नुसत्या हातात मिरवायच्या उरतात.

चालीचे मूळ फिनलंडमध्ये आहे. बर्फावरून लांब पल्ल्याच्या स्की शर्यती करणारे खेळाडू उन्हाळ्यात बर्फ वितळला की सराव तुटू नये म्हणून स्कीच्याच काठ्या घेऊन रानातल्या चढउतारांवर चालत आणि धावत. १९६०च्या दशकात लीना यास्केलाइनेन या शिक्षिकेने हा सराव हेलसिंकीत शारीरिक शिक्षणाच्या तासाला आणला. १९७९ मध्ये प्रशिक्षक माउरी रेपो यांनी स्कीच्या प्रशिक्षणावर लिहिताना त्याची पद्धत मांडली. १९९७ मध्ये खास चालण्यासाठी बनवलेल्या काठ्या बाजारात आल्या, त्याच वर्षी मार्को कांतानेवा यांनी चालीचे तंत्र सविस्तर लिहिले, आणि खेळाडूंचा उन्हाळी सराव घरोघरच्या माणसांचा व्यायाम झाला. २००० मध्ये हेलसिंकीत या चालीची आंतरराष्ट्रीय संघटनाही उभी राहिली.

नांदेड जिल्ह्यातल्या कंधार तालुक्यात ही चाल नवखी आहे, पण काठी इथल्या माणसाच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. बालाघाटच्या टेकड्यांमध्ये, मन्याडच्या खोऱ्यात गुरे राखणारा, मेंढरांमागे हिंडणारा, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला पायी निघणारा कुणीही रिकाम्या हाताने घराबाहेर पडत नसे. गऊळचे भाई केशवराव धोंडगे यांनी याच परिसरात गुराखीगडावर गुराख्यांची साहित्य संमेलने भरवली. गुराखी हा इथे एवढ्या मानाचा माणूस आहे. त्याची उभे राहण्याची आणि चालण्याची एक ढब नीट पाहण्याजोगी असते. काठी मानेमागे खांद्यांवर आडवी टाकलेली, दोन्ही मनगटे तिच्यावरून सैल लोंबती सोडलेली. या ठेवणीत खांदे आपोआप मागे जातात, छाती मोकळी होते, पाठीला बाक राहत नाही. गुरांच्या मागे तो तसाच चालू लागला की उजव्या पावलाबरोबर काठीचे डावे टोक पुढे येते आणि डाव्या पावलाबरोबर उजवे. कंबर एका बाजूला वळते तेव्हा खांदे दुसऱ्या बाजूला वळतात. नॉर्डिक चाल शिकवताना धडाचा हाच पीळ विद्यार्थ्याच्या अंगी आणावा लागतो, आणि त्यासाठी काठी खांद्यांवर आडवी घेऊन चालायला लावणे हा एक चांगला सराव आहे. कंधारच्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

हातांना कामाला लावायची गरज आता इथेही आहे. नांगर धरणे, मोट हाकणे, पाणी शेंदणे, दळण दळणे ही कामे हातांची आणि पाठीची होती. त्यांतली बरीच यंत्रांनी उचलली. शेतातली खुरपणी, वेचणी अजून माणसांच्याच, त्यातही बायकांच्या, अंगावर आहे. पण तालुक्याच्या गावात दुकानाच्या गल्ल्यावर, कचेरीत, शाळेत दिवस काढणाऱ्याचे हात दिवसभर छातीशी आखडलेले असतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचे दिसले. डॉक्टरांनी ‘रोज चाला’ म्हणून सांगितलेली माणसे पहाटे आता सगळ्याच गावांच्या रस्त्यांवर दिसतात. त्यांचे पाय चालतात. हात मात्र पाठीमागे बांधलेले किंवा मोबाइलला गुंतलेले असतात.

काठीची निवड उंचीवरून होते. उंचीला ०.६८ ने गुणले की काठीची लांबी मिळते. १५० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला सुमारे १०२, १६० ला सुमारे १०९ आणि १७० ला सुमारे ११६ सेंटिमीटर. बाजारात काठ्या पाच-पाच सेंटिमीटरच्या टप्प्याने मिळतात. नवशिक्याने जवळच्या दोन मापांतली आखूड घ्यावी. ताठ उभे राहून काठी शरीराजवळ सरळ उभी धरली आणि कोपर अंगाशी ठेवले, तर कोपरात काटकोन किंवा त्याहून किंचित मोठा कोन व्हायला हवा. काठी लांब झाली की खांदे कानांकडे चढतात आणि मान दुखू लागते. काठ्या ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बन तंतूंच्या असतात. कार्बनची काठी हलकी असते आणि डांबरावर तिचा हादरा हाताला कमी लागतो. एकसंध काठी घडीच्या काठीपेक्षा टिकाऊ, पण घरात दोघांची उंची वेगळी असेल तर लांबी बदलता येणारी सोयीची.

ट्रेकिंगची काठी आणि ही काठी एक नव्हे, आणि खरेदीत फसगत बहुधा इथेच होते. ट्रेकिंगच्या काठीला मनगटात अडकवायचा साधा फास असतो. नॉर्डिक काठीला अर्ध्या हातमोज्याच्या आकाराचा पट्टा असतो. अंगठा त्यातून बाहेर काढून तो तळहाताभोवती बसवायचा, डावा डाव्या हाताला आणि उजवा उजव्या हाताला. काठी हातातून सोडली तरी पट्ट्यामुळे ती हाताशीच राहते आणि पुन्हा पुढे आली की मूठ तळहातात येऊन बसते. हा पट्टा नसेल तर पुढे सांगितलेले तंत्र पुरते जमत नाही. वेळूच्या दोन सारख्या, हलक्या काठ्यांना सुती पट्टा बांधून पहिल्या काही दिवसांचा ताल बसवता येईल. पण तेवढ्यापुरतेच. गाठ सरकते, हात घासतो आणि वजनाने खांदा लवकर थकतो.

शिकण्याची सुरुवात काठ्यांशिवाय करावी. शाळेच्या मैदानासारखी सपाट, मोकळी जागा गाठावी आणि नेहमीच्या चालीने चालून आपले हात कसे हलतात ते पाहावे. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा डावा हात पुढे येतो, डावा पडतो तेव्हा उजवा. हे प्रत्येकाचे होतच असते, शिकावे लागत नाही. मात्र हातात काठी आली की माणूस विचार करू लागतो आणि जन्मभराची सवय मोडते: उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे येतो. शिकणाऱ्यांत हे इतके सर्रास घडते की त्याची लाज वाटून घेऊ नये. उपायही सोपा आहे. थांबायचे, पट्टे हाताला बांधायचे, मुठी पूर्ण उघड्या सोडायच्या आणि काठ्या मागे जमिनीवर खरडत नुसते चालायचे. हातांकडे लक्ष द्यायचे नाही, समोरच्या झाडाकडे पाहायचे. पंधरा-वीस पावलांत हात आपली जुनी जागा शोधतात. पहिल्या दिवशी एवढेच करावे, आणि ते बराच वेळ करावे. घाईने पुढचा टप्पा घेणाऱ्याला मागे यावेच लागते.

काठ्या खरडत चालताना पाऊल थोडे लांब टाकले आणि हात थोडा जास्त झुलू दिला की काठीचे टोक आपोआप जमिनीत रुतू लागते. ते रुतते ती जागा बरोबर असते. ती हाताने शोधायची नसते. पुढे आलेला हात बेंबीच्या उंचीच्या आसपास थांबतो, कुणाशी हात मिळवायला पुढे करावा तसा, कोपर किंचित सैल ठेवून. मूठ वर, टोक खाली आणि मागे, अशी काठी तिरपी राहते. ती उभी झाली की रेटा खाली जातो आणि वाया जातो. टोक पावलाच्या पुढे पडले तर ते गतीला अडवते, काठी रोधक होते.

तंत्राचा गाभा हाताच्या मागच्या अर्ध्या फेरीत आहे आणि बहुतेकांचे तिथेच अडते. टोक रुतले की मूठ हलकी आवळायची आणि हात सरळ करत खाली-मागे ढकलायचा. हात मांडीजवळून जातो तोवर सगळे जमते. पुढे, हात कमरेच्या मागे गेला की बोटे सोडून द्यायची. रेटा आता तळहाताच्या खालच्या भागातून पट्ट्यावर आणि पट्ट्यातून काठीवर जातो, आणि हात मागे पूर्ण लांब होतो. त्या क्षणी मागून पाहिले तर चालणाऱ्याचा उघडा तळहात दिसायला हवा. काठी गमावण्याच्या भीतीने शिकणारा नेमका याच वेळी ती घट्ट धरतो. मूठ आवळलेली राहिली की हात कमरेशीच अडखळतो आणि कोपरातून वर उचलला जातो. मग दंडाच्या मागचा स्नायू आणि पाठीचे रुंद स्नायू यांच्या वाट्याला काही येतच नाही. काम होते ते फक्त मनगटाचे. तास-तास मूठ आवळून चालणाऱ्याचे कोपर दुखू लागते आणि रक्तदाब वाढलेल्या माणसाला तर घट्ट मूठ मुळीच बरी नाही. पट्ट्यावर विश्वास टाकणे ही या शिक्षणातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. ती एकदा साधली की चाल लांबते, खांदा मोकळा होतो आणि काठीचा आवाजही बदलतो. आधीचा खटखट आवाज जाऊन टोक रुतल्याचा एकेक ठाम ठोका ऐकू येतो.

पाय त्या मानाने सोपे. टाच आधी टेकते, मग पाऊल तळव्यावरून चवड्याकडे येते आणि शेवटी अंगठ्याने जमिनीला रेटा दिला जातो. मागच्या पायाची पोटरी ताणली जात असेल तर पाऊल पुरेसे लांब पडते आहे असे समजावे. अंग घोट्यापासून किंचित पुढे झुकलेले असावे. कमरेतून वाकणे वेगळे आणि वाईट. नजर समोर, हनुवटी फार वर नाही, खांदे खाली. श्वास नाकातोंडाने मोकळा चालू द्यावा. पावले आणि श्वास मोजत बसण्याची काही गरज नाही.

काठीच्या टोकाला पोलादासारख्या कठीण धातूची अणी असते आणि तिच्यावर चढवायला रबरी टोपी मिळते. कंधारच्या जमिनीवर या दोहोंची गरज रोज पडते. डांबरी रस्त्यावर रबरी टोपी हवीच, आणि तिचे नाक मागच्या बाजूला वळवलेले हवे. उलटे बसवले तर ती ठेचकाळते. मुरमाच्या पायवाटेवर टोपी काढून टाकावी. अणी मुरमात अशी बसते की रेटा पुरेपूर मिळतो, आणि शिकायला मुरमासारखी जमीन नाही. काळ्या रानाची गोष्ट निराळी. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर ती माती काठीला आणि चपलेला सारखीच धरून बसते. चार पावलांत काठीचे वजन वाढते आणि ताल बिघडतो. वैशाखात तिच्यात भेगा पडतात आणि अणी भेगेत गेली की काठी अडकते, हाताला हिसका बसतो. पांदण रस्त्यावरून चालायचे तर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा धरावा. चाकोरीत चालले तर एक काठी उंच पडते आणि दुसरी खोल, खांदे वाकडे होतात. मात्र पावसाळ्यात त्या उंचवट्यावर गवत माजते. तेव्हा पाय कुठे पडतो ते दिसत नाही, आणि डांबर बरे.

कंधारच्या भुईकोट किल्ल्याची तटबंदी, त्याचा खंदक आणि राष्ट्रकूटांच्या काळचा जगत्तुंग सागर ही गावाची वैभवाची ठिकाणे आहेत. राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाने दहाव्या शतकात ‘कंधारपुरवराधीश्वर’ ही बिरुदावली मिरवली ती याच नगरीमुळे, असे इतिहासकार मानतात. फिरायला जाणाऱ्याचे पाय तिकडे वळणारच. तिथल्या जुन्या दगडी बांधणीवर उघडी अणी टेकू नये. घासलेल्या काळ्या दगडावर ती घसरते हे एक कारण, आणि हजार वर्षे टिकलेल्या कामावर ओरखडे उमटतात हे दुसरे. अशा जागी काठ्या हातात आडव्या धरून साधे चालावे, हे सर्वांत बरे.

चढावर पाऊल आखूड होते, अंग अधिक झुकते आणि काठीचा रेटा खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. बालाघाटच्या लहान टेकड्या यासाठी उत्तम आहेत. चढ फार उभे नाहीत आणि दम लागेल एवढे लांब आहेत. उतरताना नियम उलटतो. तिथे गुडघे सैल ठेवून, बूड थोडे खाली घेऊन काठी पावलाच्या बरोबरीने किंवा किंचित पुढे टेकावी आणि भार तिच्यावर घ्यावा.

फायद्यांविषयी बोलताना मोजून बोलायला हवे, कारण या चालीच्या जाहिराती भारी असतात. अमेरिकेतल्या डॅलसच्या कूपर इन्स्टिट्यूटच्या २००२ मधल्या अभ्यासात साध्या चालण्याच्या तुलनेत काठ्यांच्या चालीत शरीराचा ऑक्सिजनचा वापर सरासरी सुमारे २० टक्क्यांनी जास्त आढळला, आणि तरीही चालणाऱ्यांना श्रम वाढल्यासारखे वाटले नाहीत. श्रम अनेक स्नायूंत विभागले गेले की असे होते. त्याच अभ्यासात माणसामाणसांत फरक मोठा होता. कुणी काठीने मनापासून रेटा देतो, कुणी ती नुसती टेकवतो. फरकाचे मोठे कारण तेच असणार, आणि तंत्र शिकण्याचा आग्रह धरावा तो त्यासाठीच. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठाच्या हृदयरोग संस्थेने २०२२ मध्ये हृदयधमन्यांच्या आजाराच्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १२ आठवडे तीन प्रकारचे व्यायाम देऊन पाहिले होते. सहा मिनिटांत किती अंतर चालता येते या कसोटीवर नॉर्डिक चालीच्या गटाची प्रगती इतर दोन गटांपेक्षा जास्त झाली. दुसरीकडे, सपाटीवर गुडघ्यावरचा भार तिसऱ्या हिश्शाने कमी होतो, असे जे सांगितले जाते त्याला मोजमापांचा आधार मिळालेला नाही. उतारावर काठी पुढे टेकून चालताना भार कमी होतो, हे मात्र मोजले गेले आहे. गुडघेदुखीच्या माणसाने सपाटीवर भार हलका होईल या आशेने काठ्या घेऊ नयेत. तोल सावरायला, पाठ ताठ राहायला आणि न थकता लांब चालायला त्या उपयोगी पडतात, हे पुरेसे कारण आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. पाच दिवस अर्धा-अर्धा तास या चालीला दिला तर ते होते. सुरुवातीला त्यातली दहा मिनिटे काठ्यांनी आणि उरलेली साधी चालावीत. खांद्यांना सवय झाली की वाटा वाढवावा. चालण्याआधी खांदे गोल फिरवावेत आणि काठी खांद्यांवर आडवी घेऊन धड दोन्ही बाजूंना वळवावे. चालून झाल्यावर काठ्यांचा आधार घेऊन पोटऱ्या आणि मांड्यांचा मागचा भाग ताणावा. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा दिवस उगवायच्या आत परतावे. रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे चालावे. काठ्यांमुळे माणूस नेहमीपेक्षा जास्त जागा घेतो आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला त्याचा अंदाज नसतो. दोघांनी शेजारी चालण्याऐवजी मागेपुढे चालावे, मधे काठीला पुरेल एवढे अंतर ठेवून.

मधुमेहींना काही गोष्टी विशेष सांभाळाव्या लागतात. त्यांच्यात खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते. हात मागे नेताना खांद्यात कळ येत असेल तर डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या सल्ल्याने आधी खांदा मोकळा करून घ्यावा. पायांची संवेदना कमी झालेल्यांनी चालून आल्यावर तळवे पाहावेत, फोड किंवा खरचटलेले असेल तर लगेच उपाय करावा, आणि चपलेऐवजी बंद, मऊ तळाचा बूट घालावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. हृदयाचा आजार, ताजी शस्त्रक्रिया किंवा चक्कर येण्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये.

काठ्यांची देखभाल थोडकी आहे. माती लागलेली अणी ओल्या फडक्याने पुसावी. घामाने भिजलेले पट्टे आठवड्यातून एकदा साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावेत, नाहीतर ते ताठ होतात आणि अंगठ्याच्या बेचक्यात कातडी सोलतात. लांबी बदलता येणारी काठी असेल तर तिची कळ दर वेळी निघण्याआधी तपासावी. रबरी टोप्या डांबरावर झिजतात. त्यांच्या तळाची नक्षी पुसली किंवा आतली अणी रबरातून डोकावू लागली की दोन्ही टोप्या एकदम बदलाव्यात.